जुन्या गाडीचा खडखडणारा डॅशबोर्ड

पंधरा वर्षं झालेली गाडी. इंजिन दमदार, एसी अजून गार हवा देतो, आरसीचं पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरणही झालेलं. तरी मालक ती विकायला काढतो आणि कारण विचारलं तर म्हणतो, "खिळखिळी झालीय." नेमकं काय खिळखिळं झालंय हे खोदून विचारलं, की बहुतेक वेळा बोट डॅशबोर्डकडे जातं. चालवणाऱ्याच्या कानापासून हातभर अंतरावर सतत काहीतरी वाजत राहिलं, की धडधाकट गाडीवरूनही मन उडतं. हे दुखणं घरच्या घरी, थोडक्या खर्चात बरं होण्यासारखं आहे. फक्त "सगळे स्क्रू आवळून टाका" हा त्यावरचा इलाज नव्हे. आवाज कुठून येतो ते आधी शोधायचं, मगच उघडायचं. आणि उघडल्यावर आवळण्यापेक्षा टेकू आणि अस्तर देण्याकडे जास्त लक्ष द्यायचं.

आवाजाची जात

डॅशबोर्डचे आवाज तीन जातींचे असतात. पहिली खडखड. दोन कडक वस्तूंमध्ये फट पडलेली असते आणि खड्ड्यात गाडी आदळली की त्या एकमेकींवर आपटतात. सुटलेला स्क्रू, मोडलेली क्लिप, ग्लव्ह बॉक्सचं सैल झाकण ही तिची ठरलेली ठिकाणं. दुसरी कुरकुर. इथे फट नसते, उलट दोन तुकडे एकमेकांना घट्ट लागून घासत असतात. घासताना ते क्षणभर अडकतात, ताण वाढला की सुटतात, पुन्हा अडकतात. हे इतक्या झपाट्याने चालतं की आपल्याला एक सलग कुरकुर ऐकू येते. तिसरी घरघर. एखादा पातळ तुकडा इंजिनाच्या कंपनाबरोबर थरथरू लागतो. ही ठरावीक वेगाला येते आणि वेग बदलला की गप्प होते.

एवढी फोड करायची, कारण तिन्हींचे इलाज वेगळे आहेत, कधी तर एकमेकांच्या उलट. खडखडीला टेकू लागतो, फट भरावी लागते. कुरकुर आवळल्याने वाढू शकते. तिथे मध्ये मऊ अस्तर किंवा थोडी मोकळीक द्यावी लागते. आणि घरघरीचं मूळ कित्येकदा डॅशबोर्डमध्ये नसतंच.

आवाज डॅशबोर्डचाच आहे ना?

इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून आवाज सहज आत येतो आणि डॅशबोर्डमधून आल्यासारखा भासतो. म्हणून आतला एकही स्क्रू काढण्याआधी बोनेट उघडावं. बॅटरीची पट्टी सैल आहे का? बोनेटला टेकू देणारी सळई आपल्या खोबणीत घट्ट बसते का? बोनेट ज्या रबरी गुट्ट्यांवर टेकतं त्या जागेवर आहेत का? हातात धरून हलवून पाहिलं की कळतं. वायपरच्या खालचे दांडे झिजले असतील तर त्यांचीही टकटक थेट काचेखालून येते.

स्पीडब्रेकरवर एकाच बाजूने "धप्प" असा जड आवाज येत असेल, तर शॉकअपचं वरचं माउंट किंवा स्टॅबिलायझर लिंक तपासून घ्यावी. डॅशबोर्डचं प्लास्टिक इतका जड आवाज करत नाही. गाडी पळेल तशी जलद होणारी टिकटिक येत असेल आणि काटा थरथरत असेल, तर जुन्या गाड्यांत स्पीडोमीटरची केबल कोरडी पडलेली असते. गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत फिरत येणारी ही तार डॅशबोर्डच्या मागेच संपते, त्यामुळे संशय नेमका डॅशबोर्डवर जातो.

घरघरीचा हिशेब तर अगदी सोपा आहे. मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचं. उभ्या गाडीत ते मिनिटाला ८०० फेऱ्यांनी चालत असेल, तर फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे मिनिटाला १२०० आणि सेकंदाला २० धक्के. इंजिन माउंटिंगचं रबर नवं असताना हे धक्के बरेचसे तिथेच जिरतात. रबर बसलं, चिरलं, की ते पत्र्यातून डॅशबोर्डपर्यंत पोचतात. सिग्नलला उभं असताना डॅशबोर्ड घरघरतो आणि अॅक्सिलरेटरवर पाय किंचित दाबताच गप्प बसतो, असं असेल तर आधी माउंटिंग तपासावं. माउंटिंग गेलेलं असताना डॅशबोर्डमध्ये फोम कोंबत बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं. चाकांतली हवाही बघावी. कंपनीने सांगितलेल्यापेक्षा जास्त हवा भरली की प्रत्येक खडी आत जाणवते.

जागा हेरायची कशी

गाडी आधी पूर्ण रिकामी करावी. ग्लव्ह बॉक्समधली कागदपत्रं, दाराच्या कप्प्यातली पाण्याची बाटली, सुटी नाणी, गॉगलची डबी, चार्जर, अत्तराची कुपी, सगळं बाहेर. डॅशबोर्डवर चिकटवलेली गणपतीची मूर्तीही तपासावी. उन्हाने खालची दुहेरी टेप वाळून कडक होते, मूर्ती एका कोपऱ्यावर तरंगते आणि बारीक टिकटिक सुरू होते. जुनी टेप पूर्ण खरवडून नवी लावली की काम झालं. शेजारच्या सीटसमोर एअरबॅग असेल तर मात्र तिच्या झाकणावर काहीही चिकटवायचं नाही. एअरबॅग उघडताना ती वस्तू थेट माणसाच्या अंगावर येते.

मग गाडी पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर न्यावी. एकसारखे बारीक धक्के देणारा असा रस्ता या कामाला फार सोयीचा. चालवायचं एकाने आणि शोधायचं दुसऱ्याने. चालकाने हे दोन्ही करू नये. शेजारी बसलेल्याने तळहाताने एकेक भाग दाबत जावं: आधी काचेलगतची कड, मग एसीच्या जाळ्या, मीटरभोवतीची चौकट, म्युझिक सिस्टिमची चौकट, ग्लव्ह बॉक्स, आणि शेवटी खाली गिअरजवळचा कन्सोल. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो तो भाग आवाजाचा किंवा त्याच्या अगदी शेजारचा. तिथे कागदी टेपचा तुकडा चिकटवून खूण करावी आणि पुढे सरकावं, कारण आवाज एकच असेल असं नाही.

यानंतरची परीक्षा कागदाची. खूण केलेल्या सांध्यात जुन्या व्हिजिटिंग कार्डाची पट्टी सरकवायची. सांधा डावीकडून उजवीकडे थोडा थोडा तपासत गेलं, की एका ठिकाणी कार्ड अडकताच आवाज बंद पडतो. दुखरी जागा अशी बोटभर रुंदीपर्यंत नेमकी करता आली, तर पुढचं काम निम्म्याहून कमी होतं. कुरकुरीसाठी आणखी एक युक्ती: सांध्यात चिमूटभर टाल्कम पावडर फुंकायची. आवाज लगेच गेला तर ते घर्षणच. पावडर हा इलाज नाही, थोड्या दिवसांत ती झडून जाते. पण निदान पक्कं होतं.

चाचणी सकाळच्या गारव्यात एकदा आणि गाडी उन्हात तापल्यावर एकदा, अशी दोनदा घ्यावी. काही आवाज फक्त थंडीत येतात, काही फक्त उन्हात.

ऊन प्लास्टिकचं काय करतं

प्रीमियर पद्मिनीचा डॅशबोर्ड पत्र्याचा होता. तो रंग सोडायचा, तापायचा, पण त्याच्या सांध्यांची अशी कटकट नव्हती. नंतरच्या छोट्या गाड्यांत आला तो पॉलिप्रॉपिलीन आणि एबीएस या प्लास्टिकांचा, कित्येक तुकड्यांत जोडलेला डॅशबोर्ड. हलका, स्वस्त, आणि धडक बसली तर डोक्याला पत्र्यापेक्षा बरा. पण प्लास्टिक आणि लोखंड उन्हात सारखं फुगत नाहीत.

उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीत डॅशबोर्डचा वरचा भाग ७० अंश सेल्सिअसपर्यंत सहज तापतो. हिवाळ्यात पहाटे तोच १० अंशांवर येतो. या ६० अंशांच्या फरकात मीटरभर लांबीची लोखंडी पट्टी पाऊण मिलिमीटरहूनही कमी वाढते. डॅशबोर्डसाठी वापरतात त्या जातीचं पॉलिप्रॉपिलीन मोकळं असेल तर तेवढ्याच लांबीत चार मिलिमीटरच्या आसपास वाढतं. डॅशबोर्ड बसतो लोखंडी सांगाड्यावर. म्हणजे रोज दुपारी तो सांगाड्यावरून किंचित सरकतो आणि रात्री परत येतो.

गाडी बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. म्हणूनच डॅशबोर्डची काही भोकं गोल आणि काही लांबट ठेवलेली असतात. गोल भोकातला स्क्रू तुकड्याला जागेवर धरतो, लांबट भोकातला त्याला सरकू देतो. हे लक्षात न घेता सगळेच स्क्रू ताकद लावून आवळले, तर प्लास्टिकला वाढायला जागा उरत नाही. मग ते फुगवटा धरतं, कुरकुरतं आणि शेवटी स्क्रूभोवती तडकतं. आवळून दिलेली गाडी दोन दिवस शांत राहते आणि मग आधीपेक्षा जास्त वाजू लागते, ती बहुतेक यामुळेच.

दुसरं कारण माणसाच्या हातचं. बऱ्याच गाड्यांत एसीची कूलिंग कॉइल बदलायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. बसवताना दोन-चार स्क्रू उरतात, एखादी क्लिप मोडते, एखादा कंस तसाच राहून जातो. जुनी गाडी विकत घेतली असेल तर हे काम तिच्यावर कधीतरी झालं असेलच, असं धरून चालावं.

लागणारं सामान

चौफुली स्क्रू ड्रायव्हर, आठ आणि दहाची गोटी, क्लिपा उचकटायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, टॉर्च, आणि काढलेले स्क्रू ठेवायला झाकणाच्या डब्या. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने क्लिपा उचकटू नयेत. प्लास्टिकच्या कडेवर कायमचा ओरखडा राहतो.

अस्तरासाठी कापडी लवदार टेप सर्वात उत्तम. गाडीच्या वायरिंगला कंपनीतूनच जी काळी, मखमली स्पर्शाची टेप गुंडाळलेली असते, तीच. ती मिळाली नाही तर शिंप्याच्या सामानाच्या दुकानात मिळणाऱ्या वेल्क्रोची मऊ बाजू किंवा खुर्चीच्या पायाखाली लावतात ते फेल्टचे तुकडे. फट भरायला बंद छिद्रांचा फोम घ्यावा, ईव्हीए किंवा निओप्रीनचा. गादीतला साधा स्पंज नको. तो पाणी धरतो आणि काही वर्षांनी भुगा होतो. जुन्या गाडीत एसीच्या जाळीतून काळे कण उडत असतील, तर आतल्या झडपांवरच्या अशाच फोमचा तो भुगा असतो. थर्मोकोल तर अजिबात नको, तो स्वतःच किंचाळतो. विजेची साधी काळी टेपही टाळावी. उन्हात तिचा चिकट लगदा होतो.

क्लिपा आणि स्क्रू पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुट्या मिळतात. जुनी क्लिप नमुना म्हणून बरोबर न्यावी. नुसत्या गाडीच्या नावावर मागितली तर जवळपासची मिळते, तीच मिळेल असं नाही.

एअरबॅग असेल तर

भारतात चालकासमोरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या छोट्या गाड्यांच्या साध्या मॉडेलांत ती बहुधा नसते, वरच्या मॉडेलांत असू शकते. स्टीअरिंगवर किंवा डॅशबोर्डवर "एसआरएस एअरबॅग" अशी अक्षरं शोधावीत. अक्षरं दिसली तर स्टीअरिंगचा मधला भाग, शेजारच्या सीटसमोरचं झाकण आणि पिवळे कनेक्टर किंवा पिवळ्या आवरणातल्या वायरी यांना घरी हात लावायचा नाही. त्या भागातलं काम प्रशिक्षित माणसाचं.

एअरबॅग नसली तरी मीटर किंवा म्युझिक सिस्टिम बाहेर काढणार असाल, तर बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडवावी. त्याआधी म्युझिक सिस्टिमला कोड लागतो का ते पाहून घ्यावं.

स्क्रू परत बसवताना

खूण केलेल्या जागेजवळचा एकच तुकडा काढावा. आधी प्रत्येक बाजूने फोटो घ्यावा. तुकडा ओढूनही येत नसेल तर कुठेतरी स्क्रू लपलेला आहे असं समजावं: छोट्या टोपीखाली, ॲशट्रेच्या मागे, ग्लव्ह बॉक्सच्या आत. जोर लावून ओढलं की क्लिपेऐवजी क्लिपेची बैठकच मोडते, आणि ती बाजारात मिळत नाही.

प्लास्टिकमध्ये शिरणारा स्क्रू परत लावण्याची एक रीत आहे आणि ती प्रत्येकाने शिकावी इतकी मोलाची आहे. स्क्रू भोकात ठेवून आधी उलट, म्हणजे सोडवण्याच्या दिशेने, हळू फिरवायचा. एका क्षणी तो हलकेच "टक" करून किंचित खाली बसतो. स्क्रू जुन्या आट्यांच्या तोंडाशी आला, एवढाच त्याचा अर्थ. तिथून पुढे सुलट फिरवायचा. असं केल्याने जुनेच आटे वापरले जातात आणि पकड कायम राहते. सरळ दाबून फिरवला तर दर वेळी नवे आटे कापले जातात आणि तीन-चार वेळा उघडझाप झाली की भोकात नुसता भुसा उरतो. स्क्रूचं डोकं टेकलं की दोन बोटांच्या जोराने थोडंसं आवळायचं आणि थांबायचं. ड्रिलला बिट लावून तर हे स्क्रू कधीच बसवू नयेत.

आटे गेलेच असतील तर एक माप जाड स्क्रू चालतो, ४.२ मिलिमीटरच्या जागी ४.८ चा. लांबी मात्र तीच हवी. लांब स्क्रू डॅशबोर्डच्या दर्शनी बाजूने बाहेर डोकावेल. स्क्रू ज्या पोकळ खांबात शिरतो तो उभा चिरला असेल, तर जाड स्क्रू ती चीर वाढवतो. तिथे खांबाभोवती बसेल अशी धातूची छोटी नळी चढवावी किंवा बारीक तांब्याची तार घट्ट गुंडाळून तिच्यावर अराल्डाइटचा थर द्यावा.

चिकटवण्याआधी तुकड्याची मागची बाजू पाहावी. तिथे प्लास्टिकची जात रोमन अक्षरांत उठवलेली असते. एबीएस असेल तर अराल्डाइट धरतं. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, असेल तर ना अराल्डाइट टिकतं ना फेविक्विक; वाळल्यावर पापुद्र्यासारखं निघून येतं. मग तारेची किंवा नळीची पकडच खरी, नाहीतर प्लास्टिक वेल्डिंग करणाऱ्याकडून तो खांब जोडून घ्यावा.

आणि डॅशबोर्डला आरपार नवं भोक पाडून स्क्रू मारणं हे कधीच करू नये. मागे वायरींचा जुडगा असतो, हीटरची पाण्याची नळी असू शकते.

पूर्ण डॅशबोर्डच हलत असेल तर

दोन्ही टोकं धरून हलवल्यावर अख्खा डॅशबोर्ड डुलत असेल, तर दोष सांगाड्याशी जोडणाऱ्या बोल्टांचा. बऱ्याच गाड्यांत दार उघडल्यावर डॅशबोर्डच्या टोकाला एक झाकण दिसतं, त्यामागे हे बोल्ट असतात. आणखी काही खाली, गिअरच्या पुढे जमिनीला जोडलेल्या कंसावर. इथे लोखंड लोखंडाला जोडलेलं असतं, त्यामुळे व्यवस्थित घट्ट करायला हरकत नाही. एखादा बोल्ट नसेल तर त्याच मापाचा आणि त्याच आट्यांचा मिळवावा. वॉशरखालची रबरी किंवा प्लास्टिकची गुट्टी हरवली असेल तर तीही.

कुरकुरीचं अस्तर

तुकडा काढल्यावर दोन्ही कडा उजेडात नीट पाहाव्यात. जिथे घासलं जातं तिथे प्लास्टिकचा दाणेदारपणा जाऊन चकचकीत पट्टा उमटलेला असतो, कधी बारीक पांढरी भुकटीही दिसते. अस्तर तिथेच लावायचं. ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, फक्त एका बाजूला लवदार टेपची पट्टी लावावी. दोन्ही बाजूंना लावली तर सांधा जाड होतो आणि तुकडा नीट बसत नाही.

ज्या सांध्यात टेपलाही जागा नाही तिथे सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. खोबरेल तेल, इंजिन ऑइल, गंज सोडवायचा फवारा यांचा मोह टाळावा. आवाज थोडे दिवस थांबतो, मग तेलावर धूळ बसून घासणं वाढतं. पेट्रोलियम तेलाने रबर फुगतं आणि ताणात असलेलं एबीएस चिरूही शकतं.

काचेलगतची कुरकुर डॅशबोर्डच्या कडेची असते. काच आणि कड यांच्यामध्ये लवदार टेप लावलेली पातळ पट्टी सरकवली की ती थांबते. मात्र काच धुकं धरू नये म्हणून हवा सोडणाऱ्या फटी बुजवू नयेत. पावसाळ्यात घाटात त्यांचं महत्त्व कळतं.

मागे लटकणाऱ्या गोष्टी

बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम हे खडखडीचं मोठं आगर. तिच्या पाठीला आधार देणारी पट्टी किंवा बोल्ट बसवणारा बहुधा लावतच नाही, आणि एवढा जड डबा पुढच्या चौकटीच्या भरवशावर डुलत राहतो. मागे जास्तीच्या वायरी आणि कनेक्टर सुटे लोंबतात आणि एसीच्या पोकळ डक्टवर आपटतात. सिस्टिम काढून मागची पट्टी लावावी, वायरींना लवदार टेप गुंडाळून त्या केबल टायने सांगाड्याला बांधाव्यात. डक्टच्या सांध्यांत फोमची पट्टी द्यावी. ब्लोअरच्या तोंडाशी, फ्यूज बॉक्सजवळ आणि पेडलच्या वर कुठेही सुटा फोम ठेवू नये.

ग्लव्ह बॉक्सचं काम त्या मानाने किरकोळ. झाकण ज्या रबरी बटणांवर टेकतं ती वाळलेली असतात. त्यांच्या जागी फेल्टचे तुकडे लावायचे. कुलूप ज्या कडीत अडकतं तिचे स्क्रू सैल करून ती किंचित आत सरकवता आली, तर झाकण ताणून बसतं.

बसवल्यानंतर

डब्यांत एकही स्क्रू उरता कामा नये. उरला तर फोटो पाहून त्याची जागा शोधावी. बॅटरी जोडून हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, मीटरचे दिवे, एसीच्या सगळ्या जाळ्या तपासाव्यात. स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून आणि तिन्ही पेडल दाबून कुठे काही अडत नाही ना हे पाहावं. मग पुन्हा त्याच पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर. मोठा आवाज गेला की आतापर्यंत त्याच्याखाली दबलेला एखादा लहान आवाज ऐकू येतो. त्याचीही खूण करून पुढच्या रविवारी तो हातात घ्यावा. काम गॅरेजला दिलं असेल तर गाडी सोडतानाच मिस्त्रींना सांगून ठेवावं: काढलेला प्रत्येक स्क्रू परत लावा, मोडलेली क्लिप मला दाखवा, नवी मी आणून देतो.